नमुने नागपूरला, पदवी गोंदियात

१९५८ साली विदर्भाच्या पूर्व भागात दोन गोष्टी घडल्या. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषावरचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. महार समाजात हा दोष मोठ्या प्रमाणावर आढळतो, हे त्यामुळे जगाला कळलं. पुढे गोंड आणि इतर आदिवासी जमातींतही तो दिसत गेला. त्याच वर्षी, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातल्या गोंदियात मनोहरभाई पटेलांनी शिक्षण संस्था काढली आणि लवकरच तिथं विज्ञान महाविद्यालय उभं राहिलं. ज्यांच्या रक्तावर अभ्यास होत होता त्यांचीच मुलं आता प्राणिशास्त्र शिकू शकणार होती. तरी या दोन वाटा एकत्र आल्या नाहीत. रक्ताचे नमुने मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांकडे जात राहिले आणि गोंदियातला पदवीधर बी.एड., डीएमएलटी किंवा पोलीस भरतीकडे वळला.

याचा दोष मुलांच्या कुवतीला देण्याची सवय आहे. मला तो शिष्यवृत्तीच्या रचनेत दिसतो. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ च्या सुमारास अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली आणि काही वर्षांत ती आदिवासींनाही मिळू लागली. तिनं घरातले पहिले पदवीधर घडवले, हे यश लहान नाही. पण ती फी आणि वसतिगृहाची सोय करते, संशोधन मात्र वर्गाबाहेर, सुट्टीत, कुणाच्या तरी हाताखाली शिकावं लागतं. विज्ञान अकादम्यांची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप नेमकं तेच देते. मात्र अर्ज कसा लिहायचा, शिफारसपत्र कुणाचं घ्यायचं हे सांगणारं माणूस गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी-सालेकशाच्या मुलाला सहसा भेटत नाही. शिवाय उन्हाळा हा त्याच्या घरी तेंदूपत्त्याच्या कमाईचा हंगाम.

जनुकशास्त्राला कोट्यवधींची यंत्रं लागतात, गोंदियात ती कुठून आणणार, हा आक्षेप पूर्वी बरोबर होता. आता दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती फरिदाबादच्या केंद्रात संशोधकांसाठी ठेवली आहे. ती वाचायला संगणक आणि सांख्यिकी येणारं डोकं लागतं. गुणवत्तेचा आक्षेप त्याहून कच्चा आहे. १९१० मध्ये शिकागोच्या हेरिक यांनी कोयत्यासारख्या वाकड्या रक्तपेशींचं, म्हणजे सिकलसेलचं, पहिलं वर्णन छापलं. तो रुग्ण, वॉल्टर नोएल, ग्रेनाडाहून आलेला आणि दंतवैद्यकाचा अभ्यास करणारा विद्यार्थी होता. ज्याच्या शरीरात प्रश्न असतो त्याच्याकडे तो समजून घेण्याची बुद्धीही असू शकते, एवढं तरी यातून कबूल करावं लागेल.

शिकलेली मुलं हैदराबाद-पुण्याला जातील, मग जिल्ह्याला काय मिळालं, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. काही जातील, आणि त्यांनी जावंच. पण जुलै २०२३ पासून चाललेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं, आणि तपासणीनंतरचं काम अवघड आहे. ‘एएस पॅटर्न’चं, म्हणजे वाहक असल्याचं, कार्ड घेऊन घरी आलेल्या मुलीचं लग्न मोडू नये आणि दोन वाहकांना होणाऱ्या अपत्याचा धोका मात्र नीट कळावा, यासाठी आनुवंशिकतेचं गणित गोंडीत किंवा झाडीबोलीत समजावता यायला हवं. त्यासाठी जिल्ह्याबाहेरून माणूस आणून भागत नाही.