पाय आणि चाक वेगळे झाले तेव्हा : केडन्स मोजण्याचा इतिहास

१/ सायकलच्या हँडलवर लावायचा छोटा संगणक निवडताना नजर आधी वेग आणि अंतराकडे जाते. केडन्स, म्हणजे पेडल मिनिटाला किती पूर्ण फेरे घेते तो आकडा, ही चैनीची गोष्ट समजली जाते. इतिहास मात्र सांगतो की तो मोजण्याची सामग्री जुनी आहे आणि स्वस्तही.

२/ १८७० च्या दशकातील उंच चाकाच्या सायकलीपुढे हा प्रश्नच नव्हता. पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असे. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. दीड मीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे ४.७ मीटर पुढे जाई. ताशी २० किलोमीटर वेग हवा, तर पाय मिनिटाला सुमारे ७१ वेळा फिरणारच. वेग कळला की केडन्स कळला.

३/ १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली. तिच्यात पेडलची शक्ती चेनमार्फत मागच्या चाकाला मिळत होती. पायाचा फेरा एक, चाकाचे फेरे त्याहून अधिक; हे प्रमाण दोन दंतचक्रांच्या दात्यांवरून ठरू लागले. पाय आणि चाक वेगळे झाले.

४/ मोजणी मात्र चाकाचीच होत राहिली. १८९५ मध्ये अमेरिकेत कर्टिस व्हीडर यांनी सायक्लोमीटर बाजारात आणला. चाकाच्या आरीवर एक खुंटी. प्रत्येक फेऱ्याला ती तारकाकृती चाकाला टोला देई आणि आकड्यांची चक्रे पुढे सरकत. अंतर कळे. पायांचे काय चालले आहे, हे त्याला ठाऊक नसे.

५/ १९३७ मध्ये ‘तूर द फ्रान्स’ने डिरेलर, म्हणजे चेन एका दंतचक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे यंत्र, वापरण्यास परवानगी दिली. आता एकाच वेगासाठी जड गिअर सावकाश रेटता येई, किंवा हलका गिअर भराभर फिरवता येई. वेगावरून केडन्स सांगणे अशक्य झाले.

६/ यात गुडघ्यांचा प्रश्न होता. शक्ती म्हणजे बल गुणिले फिरण्याचा वेग. तीच शक्ती मिनिटाला ६० फेऱ्यांत द्यायची, तर ९० फेऱ्यांच्या तुलनेत प्रत्येक फेऱ्यात दीडपट बल लावावे लागते. उलट पाय फार भराभर फिरवले की दम लागतो. सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. म्हणूनच प्रत्येकाला स्वतःचा आकडा शोधावा लागतो.

७/ गिअर एकच असेल, तर यंत्राविनाही हिशेब जमतो. १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एडी मेर्क्स यांनी तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापले. पुढे ५२ दाते, मागे १४. पेडलच्या एका फेऱ्यात सुमारे ७.९ मीटर. म्हणजे तासाभर मिनिटाला सुमारे १०४ फेरे. गिअर बदलत राहणाऱ्या रस्त्यावर मात्र हे गणित कोलमडते.

८/ उत्तर दडले होते टेलिफोनच्या जगात. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील वॉल्टर एलवुड यांनी १९३६ मध्ये रीड स्विच शोधला : बंद काचनळीत दोन लोहपट्ट्या, चुंबक जवळ येताच त्या चिकटतात आणि विद्युतमंडल पूर्ण होते. १९८० च्या दशकात सायकलवर इलेक्ट्रॉनिक संगणक आले. क्रँकवर चुंबक, फ्रेमवर स्विच आणि वेळ मोजणारी चिप, एवढ्यात केडन्स मिळू लागला.

९/ जपानच्या कॅटआय कंपनीचा तारेचा ‘अ‍ॅस्ट्राले’ याच साध्या रचनेवर उभा राहिला आणि किफायतशीर म्हणून लोकप्रिय झाला. तो वेगही मागच्या चाकावरून घेई. त्यामुळे घरात ट्रेनरवर सायकल उभी करून, पुढचे चाक स्थिर असतानाही, दोन्ही आकडे मिळत.

१०/ शिमानोच्या ‘फ्लाइट डेक’ने वेगळी वाट धरली : चाकाचा वेग आणि चालू गिअर यांवरून केडन्स काढायचा. क्रँकवर काही बसवायला नको. पण हा पायांचा नव्हे, चाकाचा हिशेब होता. उतारावर पाय थांबले तरी चाक फिरतच असते.

११/ पुढे तार गेली. डायनास्ट्रीम या कॅनडातील कंपनीचे अँट तंत्र २००६ मध्ये गार्मिनकडे आले. २०१० मध्ये कमी वीज खाणारे ब्लूटूथ ४.० आले. आज क्रँकला बांधायचा सेन्सर चुंबकाविनाही फेरे ओळखतो. नकाशा, जीपीएस, रंगीत पडदा यांनी किंमत चढते. केडन्सची गरज मात्र तेवढीच आहे.

१२/ म्हणून स्वस्त यंत्र घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. केडन्स क्रँकवरून मोजला जातो की हिशेबाने काढला जातो? बिनतारी सेन्सर आणि पडदा यांची भाषा एकच आहे का? ट्रेनर वापरायचा असेल, तर वेग मागच्या चाकावरून मिळतो का? मग स्थिर लयीत ३० सेकंद उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजून दुप्पट करावे. पडद्यावरचा आकडा त्याच्या आसपास असेल, तर यंत्र आपले काम करत आहे.