बहुकोअर प्रोसेसर : अंतर्गत जाळे आणि मेमरी

एकाच चिपवर डझनावारी किंवा शेकडो कोअर बसवलेला प्रोसेसर. त्याच्या आराखड्यात बेरीज-गुणाकार करणारे भाग तुलनेने सोपे असतात. खरी कसोटी लागते ती आकडे एका कोअरकडून दुसऱ्याकडे आणि मेमरीपर्यंत नेताना. वेळ आणि वीज मुख्यतः तिथेच खर्ची पडतात.

दोन-चार कोअर असले तर सगळ्यांत मिळून एकच बस, म्हणजे सामायिक तारांचा मार्ग, पुरते. मात्र बसवर एका वेळी एकालाच बोलता येते, त्यामुळे कोअर वाढले की रांग लागते. ६४ कोअर रिंगमध्ये गुंफले तर सर्वांत दूरच्या कोअरपर्यंत निरोप पोहोचायला ३२ टप्पे लागतात. तेच ८ × ८ च्या मेशमध्ये, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींच्या जाळ्यात, मांडले तर १४. इंटेलनेही २०१७ साली झिऑन मालिकेत रिंग सोडून मेश स्वीकारली.

मेशच्या प्रत्येक चौकात एक लहान राउटर असतो. निरोप आधी आडव्या ओळीने आणि मगच उभ्या रांगेने न्यायचा, एवढा नियम पाळला तरी निरोपांची पाकिटे एकमेकांची वाट अडवून कायमची खोळंबत नाहीत. इतक्या साध्या नियमाने इतका मोठा पेच सुटावा, हे या शास्त्रातले मोठे देखणे उदाहरण आहे. चिपवर खास तारा ओढण्याऐवजी पाकिटे पाठवावीत, असे विल्यम डॅली आणि ब्रायन टोल्स यांनी २००१ मध्ये आग्रहाने मांडले. २००७ मध्ये इंटेलची ८० कोअरची प्रायोगिक चिप आणि टिलेरा कंपनीची ६४ कोअरची चिप याच वाटेने आल्या.

चिपबाहेर ही रचना आधीच रुळली होती. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर या प्रोसेसरला शेजाऱ्यांशी जोडणारे चार दुवे आणि स्वतःची थोडी मेमरी असे. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये उभारलेला परम ८००० हा महासंगणक याच ट्रान्सप्युटरवर बेतलेला होता.

मेमरीचा प्रश्न जाळ्याहून चिवट आहे. प्रत्येक कोअर जवळच्या कॅश मेमरीत माहितीची प्रत ठेवतो. एकाने आपली प्रत बदलली की बाकीच्यांच्या प्रती शिळ्या होतात. बस असताना सगळेच तिच्यावर कान ठेवून असतात. मेशवर ती सोय नाही, म्हणून कोणाकडे कोणती प्रत आहे याची डिरेक्टरी ठेवावी लागते. दर कोअरमागे एक बिट या सरधोपट हिशेबाने ६४ बाइटच्या तुकड्यामागे ६४ कोअरसाठी साडेबारा टक्के जादा जागा जाते. ५१२ कोअर झाले की डिरेक्टरी मूळ माहितीएवढीच मोठी होते!

काहींनी हा भार सरळ प्रोग्रॅमरवर टाकला. चीनच्या सनवे तायहुलाइट महासंगणकातील एसडब्ल्यू २६०१० या प्रोसेसरमध्ये २६० कोअर आहेत. त्यांपैकी २५६ गणनकोअरांना डेटासाठी कॅश नाही, प्रत्येकी ६४ किलोबाइटची स्थानिक मेमरी आहे. तिच्यात काय आणि केव्हा आणायचे हे प्रोग्रॅमनेच ठरवायचे. २०१६ मध्ये या यंत्राने गणनाचा वेग मोजणाऱ्या लिनपॅक चाचणीत ९३ पेटाफ्लॉप्स गाठून जगात पहिला क्रमांक मिळवला. मेमरीचा कस पाहणाऱ्या एचपीसीजी चाचणीत मात्र त्याला अर्धा पेटाफ्लॉपही गाठता आला नाही.