निरंक आणि कोरा रकाना : नोंदींच्या इतिहासातील एक भेद

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फाउंड्रीचा तपासणी-तक्ता डोळ्यांसमोर आणावा. 'दोष' या रकान्यात काहीच लिहिलेले नाही. ओतकामात दोष आढळला नाही, की ते तपासलेच गेले नाही? पहिल्या अर्थी माल बाहेर जाईल, दुसऱ्या अर्थी तो थांबवावा लागेल. रिकाम्या जागेचे हे दोन अर्थ वेगळे ठेवण्याची धडपड संगणकाहून बरीच जुनी आहे.

ब्रह्मगुप्ताने इ. स. 628 मध्ये शून्याशी करावयाच्या गणिती क्रियांचे नियम सांगितले. भारतीय अंकपद्धती अरबी जगतात गेली तेव्हा शून्यासाठी 'सिफ्र' हा 'रिकामे' याच अर्थाचा शब्द रूढ झाला; उर्दूतील 'सिफर' तोच होय. परंतु शून्य म्हणजे अज्ञान नव्हे. मोजले आणि काही उरले नाही, हे शून्य सांगते; मोजलेच नाही, हे ते सांगत नाही.

मराठी कचेरीच्या भाषेत हा भेद नेमका उतरला आहे. 'निरंक' म्हणजे पाहिले, नोंदवण्याजोगे काही नाही. 'लागू नाही' म्हणजे हा प्रश्नच येथे उद्भवत नाही. कोरा रकाना म्हणजे माहिती अद्याप आलेली नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 14 मध्ये बाळाचे नाव न देताही जन्माची नोंद करण्याची आणि नाव नंतर भरण्याची सोय आहे. तेथील कोरा रकाना ही चूक नसून प्रतीक्षा आहे.

संगणकशास्त्रात हा प्रश्न आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी ऐरणीवर आणला. 1970 मध्ये त्यांनी संबंधात्मक माहितीसाठ्याची कल्पना मांडली. 1979 च्या निबंधात त्यांनी अज्ञात माहितीसाठी 'नल' आणि 'खरे', 'खोटे', 'अज्ञात' अशा तीन मूल्यांचे तर्कशास्त्र विचारात घेतले. 1985 मध्ये जाहीर केलेल्या नियमांपैकी तिसऱ्यात त्यांनी स्पष्ट केले की, नल हे शून्याहून आणि एम्प्टी स्ट्रिंगहून, म्हणजे रिकाम्या मजकुराहून, वेगळे असले पाहिजे. पुढे 1990 च्या ग्रंथात त्यांनी 'माहीत नाही' आणि 'लागू नाही' यांसाठी दोन स्वतंत्र खुणा सुचवल्या. कचेरीतील शब्द आणि कॉड यांच्या खुणा येथे एकमेकांजवळ येतात.

व्यवहारात मात्र एकवाक्यता झाली नाही. ओरॅकल ही प्रणाली रिकाम्या मजकुरालाच नल मानते. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल दोन्ही वेगळे ठेवतात. एसक्यूएलच्या मानकानुसार मजकुराला नल जोडले की सारी जोडणीच नल होते. नाव, वडिलांचे नाव व आडनाव हे तीन रकाने जोडून दाखला छापताना मधला रकाना नल असेल, तर विद्यार्थ्याचे पूर्ण नावच नाहीसे होऊ शकते. तेथे रिकामा मजकूर असेल, तर उरलेली दोन नावे शाबूत राहतात.

सीमाभागात हा प्रश्न विशेष जाणवण्याजोगा आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्याचा बहुतांश भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही मराठी रीत आणि आद्याक्षरांची दाक्षिणात्य रीत येथे शेजारी नांदतात. मुल्ला, मुजावर, तांबोळी, बागवान अशी आडनावे लावणारी मुस्लिम कुटुंबे आहेत, तशीच आडनाव न लावणारी माणसेही आहेत. त्यांचे आडनाव 'अज्ञात' नाही, ते नाहीच. अमेरिकी व्हिसावर अशा एकेरी नावापुढे 'एफएनयू', म्हणजे 'पहिले नाव अज्ञात', ही अक्षरे छापली जातात. नोव्हेंबर 2022 मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पारपत्रावर एकेरी नाव असलेल्या भारतीय पर्यटकांच्या प्रवेशावर निर्बंध घातले. पुढे वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव नोंदलेले असल्यास सवलत देण्यात आली. रोजगारासाठी आखाताकडे पाहणाऱ्या घरांना या रकान्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

म्हणून महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात 'आडनाव नाही' आणि 'नंतर कळवू' हे दोन पर्याय स्वतंत्र असणे इष्ट ठरते. सक्तीचा रकाना भरण्यासाठी टिंब किंवा वडिलांचे नाव दोनदा लिहिले गेले, की खोटी माहिती खऱ्या नोंदीच्या जागी बसते आणि दाखल्यामागून दाखल्यावर पुढे जात राहते. उद्यमबागेतील गोगटे तंत्रनिकेतन महाविद्यालय असो वा गावातील कला महाविद्यालय, माहितीसाठा शिकवताना आज्ञांच्या आधी हा भेद समजावून देणे गरजेचे आहे.