घुंगरमाळेपासून पुंगळीपर्यंत

वाहन दिसण्याआधी ते कानावर यावं, ही हौस भंडारा जिल्ह्यात मोटारीच्या कितीतरी आधीची. पाहुण्यांना आणायला निघालेली रेंगी असो की धानाची पोती वाहणारं खासर, बैलाच्या गळ्यातली घाटी आणि घुंगरमाळ वाजवून, पारखूनच घेतली जाई. नुसतं मिरवणं हा काही त्यामागचा हेतू नव्हता. जंगलातल्या अरुंद वाटेवर समोरच्या गाडीवानाला आधीच चाहूल लागे, आणि चरायला सोडलेलं जनावर आवाजावरून सापडे. त्यात भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव. धातूचा नाद ऐकून माल जोखणं इथल्या बाजाराला नवं नव्हतं.

मग बुलेट आली. मद्रासेत 1955 साली एनफिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली. लष्कर आणि पोलीस ही तिची सुरुवातीची मोठी गिऱ्हाइकं. त्यामुळे तालुक्याच्या गावात बुलेटचा ठोका आणि सरकारी अंमल यांची सांगड लोकांच्या डोक्यात पक्की बसली. पुढे राइस मिलचे मालक आणि तेंदूपत्त्याचे ठेकेदारही त्याच रुबाबाच्या मागे लागले.

त्या ठोक्याचं मूळ सायलेन्सरात शोधणारे चुकतात. जुन्या बुलेटला एकच सिलिंडर, त्याचा व्यास 70 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 90 मिलिमीटर. चार स्ट्रोकच्या या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदाच स्फोट होतो. मिनिटाला हजार फेऱ्या धरल्या तरी सेकंदाला जेमतेम आठ ठोके पडतात. फ्लायव्हील जड, म्हणून इंजिन त्याहूनही सावकाश चालतं आणि तरी बंद पडत नाही. जुना मिस्त्री कार्बोरेटरचा स्क्रू किंचित फिरवून, मान तिरकी करून ऐकत राहतो; दोन ठोक्यांमधली मोकळी जागा त्याला हवी असते.

1985 साली आलेल्या यामाहा आरएक्स 100 चं गणितच वेगळं. टू-स्ट्रोक असल्यानं प्रत्येक फेरीला स्फोट, म्हणून तिचा आवाज किनरा आणि घाईचा. तिच्या सायलेन्सरचा फुगीर भागही शोभेचा नाही. सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण तिथून परतणाऱ्या दाबाच्या लाटेनं पुन्हा आत ढकललं जातं. तो भाग कापून सरळ नळी जोडली की आवाज वाढतो आणि गाडीचा दम जातो, हे अनेकांना पैसे मोजल्यावर कळलं.

सायलेन्सर मुळात कशासाठी, याचं उत्तर जुनंच आहे. अमेरिकेत रीव्ज बंधूंनी इंजिनाच्या मफलरचं पेटंट 1897 साली घेतलं. जळालेला वायू मोठ्या दाबानं बाहेर फेकला जातो. त्याला कप्प्यांतून फिरवलं, की लाटा एकमेकींना मारतात. दुसरी तऱ्हा म्हणजे भोकं पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती काचतंतू, म्हणजे ग्लासवूल. पहिल्या तऱ्हेत सूर बदलता येतो, दुसरीत वाट मोकळी मिळते. आवाजाच्या शौकिनांची सगळी भांडणं या दोहोंभोवतीच फिरतात.

ती भांडणं सर्वांत जोरात झाली ती अमेरिकन मसल कारच्या जमान्यात. 1964 साली पाँटिअॅक जीटीओ निघाली, 6.4 लिटरच्या व्ही-8 इंजिनाची. अशा इंजिनात आठ सिलिंडरांचे स्फोट सारख्या अंतरानं होतात, पण डाव्या आणि उजव्या रांगेत ते आळीपाळीनं पडत नाहीत. म्हणून प्रत्येक रांगेच्या नळीतून विषम ठेक्याची गुरगुर निघते. दोन नळ्या मधे आडव्या तुकड्यानं जोडल्या की ती गुरगुर गोल होते. 1970 च्या जीटीओत तर कंपनीनंच चालकाच्या हाताशी एक मूठ दिली होती. ती ओढली की सायलेन्सरातला अडसर उघडे. टीव्हीवर तिची जाहिरात झळकली आणि थोड्याच दिवसांत कंपनीनं ती सोय मागे घेतली.

भंडाऱ्याच्या गॅरेजला मूठ लागली नाही, पाना पुरला. बुलेटच्या सायलेन्सरात आवाज दाबणारी जी भोकांची नळी असते, तिला मराठी मुलखात पुंगळी म्हणतात. शेपटाकडचा स्क्रू सोडून ती बाहेर ओढली, की काजळीनं माखलेला तो दांडा हातात येतो आणि गाडी बोंबलायला लागते. ज्यांना एवढंही पुरत नाही, त्यांच्यासाठी ‘पंजाब’, ‘इंदोरी’, ‘डॉल्फिन’ अशा नावांचे तयार सायलेन्सर बाजारात आले. दिल्लीचं करोल बाग हे या मालाचं मोठं ठिकाण. चालत्या गाडीची चावी क्षणभर बंद करून पुन्हा सुरू केली, की न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत पेटतं आणि फटाका फुटतो. लग्नाच्या वरातीत आणि कॉलेजच्या फाटकाशी तो हमखास फुटतो. त्यात ठोका मात्र उरत नाही.

कायद्यानं ही वाट आधीपासूनच अडवलेली आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 120 वा नियम प्रत्येक वाहनाला, अगदी ट्रॅक्टरलाही, आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर सक्तीचा करतो. 175 सीसीवरच्या मोटारसायकलला कारखान्यातून निघताना 80 डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार चालणार नाहीत असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आवाज आणि धुराच्या गुन्ह्याचा दंड 10,000 रुपयांपर्यंत नेला. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावरून रोलर फिरवले.

तरीही शहाणा गॅरेजवाला कंपनीचा सायलेन्सर भंगारात घालू देत नाही. गोणपाटात बांधून तो मालकाच्या घरी पाठवतो. पंधरा वर्षांनी आरटीओत पासिंगला गाडी न्यायची वेळ आली, की तोच सायलेन्सर, तोच क्लॅम्प आणि जपून ठेवलेली पुंगळी एका दुपारपुरती परत बसते.