इंटर्नशिपची निवड : पसंतीक्रम, जुळवणी आणि पारदर्शकता

व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या तरुणांसोबत काम करताना आम्हाला एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : "मोठ्या संस्थेचे नाव पहिले लिहिले आणि ती मिळाली नाही, तर खालची जागाही जाईल का?" याचे उत्तर निवडीच्या पद्धतीवर अवलंबून असते.

पद्धत कशी घडली?
अमेरिकेत 1940 च्या दशकात रुग्णालये वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिक्षण पूर्ण होण्याच्या खूप आधीच जागा देऊ करत आणि उत्तरासाठी अगदी थोडी मुदत देत. यावर उपाय म्हणून मध्यवर्ती जुळवणीची योजना आली. पण तिच्या पहिल्या आराखड्यात अवघड जागा पहिली लिहिणाऱ्याचे नुकसान होत होते. विद्यार्थी संघटित झाले, विरोध केला आणि 1952 च्या पहिल्या जुळवणीआधीच नियम बदलून घेतला.

ती चालते कशी?
उमेदवार संस्थांचा क्रम लावतो, संस्था उमेदवारांचा. अर्ज आधी पहिल्या पसंतीकडे जातो. तिथे जागा तात्पुरती राखली जाते. अधिक वरच्या क्रमाचा उमेदवार आला, तर आधीचा आपल्या पुढच्या पसंतीकडे जातो आणि तिथेही त्याचा क्रम पाहूनच निर्णय होतो; उशिरा आला म्हणून तो मागे पडत नाही. म्हणून अशा पद्धतीत खरी पसंती लिहिणेच हिताचे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी 1962 मध्ये हे गणित मांडले. अमेरिकेतील गणना मात्र आधी रुग्णालयांच्या बाजूने सुरू होई. ती उमेदवारांच्या बाजूने सुरू व्हावी, हा बदल 1998 च्या जुळवणीत झाला. त्यामागे काम करणारे ॲल्विन रॉथ आणि शॅप्ली यांना 2012 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

मर्यादा कुठे?
संगणक यादी प्रामाणिकपणे जुळवतो, पण यादी माणसे करतात. मुलाखतीत आडनाव, भाषा, कॉलेज किंवा ओळख पाहून कोणाला खाली ढकलले असेल, तर तो अन्याय जसाच्या तसा निकालात उतरतो. आपल्याकडे आयआयटी-एनआयटी प्रवेशासाठी 2015 पासून संयुक्त जागावाटप होते. तिथे क्रम परीक्षेवरून ठरतो आणि प्रत्येक प्रवर्गाचा शेवटचा क्रमांक जाहीर होतो. त्यामुळे निकाल कोणालाही तपासता येतो. बंद खोलीतल्या मुलाखतीबाबत ही सोय नसते.

अर्जापूर्वी काय विचारावे?
- निवडीचे निकष आणि मुलाखतीचे गुण आधी जाहीर आहेत का?
- किती जागा, कोणत्या प्रवर्गासाठी, किती विद्यावेतन?
- गुणवत्ता यादी, प्रतीक्षा यादी प्रसिद्ध होते का?
- तक्रार कोणाकडे आणि किती दिवसांत करायची?

सरकारी कार्यक्रम असेल तर माहिती अधिकार कायदा, 2005 नुसार अर्ज करता येतो. साधारणपणे 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. खासगी संस्थेकडे हेच प्रश्न लेखी विचारावेत, एकट्याने नव्हे तर गटाने. 1951 च्या विद्यार्थ्यांनीही निकाल लागण्याची वाट पाहिली नव्हती. त्यांनी आधी नियम वाचला होता.