पळसाच्या गावचे दस्तऐवज

वकिलाचा बहुतेक काळ दुसऱ्यांच्या कागदपत्रांत जातो. खरेदीखत, बक्षीसपत्र, चतुःसीमा, साक्षीदार या शब्दांवाचून त्याचा दिवस मावळत नाही. म्हणूनच की काय, धारवाडहून हलशीस प्रथम गेलो तेव्हा देवळांच्या शिल्पाहूनही तेथील दानपत्रांची ओढ मला अधिक होती.

आमच्याकडून बेळगावकडे निघालेला प्रवासी कित्तूरचा पडका किल्ला पाहतो, राणी चन्नम्मांना मनोमन वंदन करतो आणि पुन्हा हमरस्त्याला लागतो. परंतु कित्तूरपासून जवळच देगाव आहे आणि पुढे खानापूर तालुक्याच्या झाडीत हलशी. हलशी म्हणजेच कदंबांची पलाशिका. बनवासीच्या खालोखाल तिचा मान होता.

या गावाबाहेर, नंदगडच्या वाटेवर, चक्रतीर्थ नावाच्या विहिरीजवळच्या मातीच्या ढिगात कदंबांचे ताम्रपट सापडले. ते वाचून प्रसिद्ध केले फ्लीटसाहेबांनी. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील मृगेशवर्म्याने आपल्या दिवंगत पित्याच्या पुण्यार्थ पलाशिकेत जिनालय बांधले आणि जैन संघांना ३३ निवर्तने जमीन दिली. मातृसरितेपासून इंगिणीसंगमापर्यंत अशी तिची सीमा सांगितली आहे. मोजणी कोणत्या मानाने केली, तर राजमानाने. अंमलबजावणी कोणाकडे, तर जियंत नावाच्या अधिकाऱ्याकडे. आजचा एखादा चोखंदळ दुय्यम निबंधकही या दस्तात उणीव काढू शकणार नाही! आणि दंडाचे कलम तर असे की, दिलेली जमीन हिरावणारा साठ हजार वर्षे नरकात पिचेल. आमच्या दंडविधानाची मजल अद्याप तेथवर गेलेली नाही.

वाचकांच्या मनाला याहून जवळचा वाटेल तो गोव्याच्या कदंबांचा काळ. हलशीच्या भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. नरसिंहाची स्थापना ११६९ साली मातयोगी नावाच्या साधकाने केली. वराहाची मूर्ती ११८६-८७ च्या सुमारास विष्णुचित्त विजयादित्याने बसविली. देगावचे कमलनारायण मंदिर शिवचित्त पेर्माडीची राणी कमलादेवी हिने ११७४ च्या सुमारास उभारविले. गोपकपट्टणात राहणारे हे राजे सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना आपलेच मानीत. त्यांचे कुलदैवत सप्तकोटीश्वर. त्याच देवाचे नार्व्याचे देऊळ शिवाजीमहाराजांनी १६६८ साली पुन्हा बांधविले, हे कोकणी आणि मराठी या दोन्ही घरांत ठाऊक असते; पण त्या देवाच्या भक्तांनी घाटमाथ्यावर ठेवलेली ही देवळे किती जणांनी पाहिली असतील?

फ्रान्समध्ये १८३४ साली ऐतिहासिक स्मारकांचा महानिरीक्षक म्हणून प्रॉस्पेर मेरिमे या कथाकाराची नेमणूक झाली. तोही कायदा शिकलेला. आडगावची पडकी चर्चे आणि किल्ले पाहत तो वर्षानुवर्षे हिंडला, आणि १८४० साली संरक्षणार्ह वास्तूंची पहिली यादी निघाली. आपल्याकडे १९०४ चा आणि नंतर १९५८ चा कायदा झाला. पण कायदा दगडाभोवती कुंपण घालील. त्या दगडाविषयी गावाच्या मनात माया उत्पन्न करणे त्याच्या हाती नाही.

परतताना मनात एक विचार घोळत राहिला. खानापूर तालुका सीमावादातला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो याच मुलखासाठी. वकील म्हणून त्या दाव्याचे महत्त्व मी जाणतो. पण हलशीच्या देवळात उभे राहिले की प्रश्न पडतो, या वारशाचा वादी कोण आणि प्रतिवादी कोण? राजा गोव्याचा, ताम्रपटांची भाषा संस्कृत, राजवंश कानडी मातीत वाढलेला, आणि आज आजूबाजूच्या घरांतून ऐकू येते ती मराठी. भूमीची वाटणी होते. स्मृतीची वाटणी करू गेल्यास प्रत्येकाच्या हाती तुकडाच येतो.

मृगेशवर्म्याने सीमा आखली होती ती दान देण्यासाठी. सीमा आखण्याचे तेही एक कारण असू शकते, एवढे तरी हलशीहून शिकून यावे.