सीतेची वेणी: जंगलातून बाटलीत, बाटलीतून बाल्कनीत

हेडफोन लावलेत ना? आज एका फुलाचा इतिहास.

मे-जूनमध्ये आमच्या पनवेलजवळ कर्नाळ्याच्या बाजूला गेलात, तर जुन्या झाडांकडे जरा मान वर करून बघा. फांदीवरून गुलाबी ठिपक्यांच्या पांढऱ्या फुलांचा लांब तुरा लोंबताना दिसू शकतो. मंद वास असतो त्याला. ही सीतेची वेणी, म्हणजे ऱ्हिन्कोस्टायलिस रेटुसा नावाचं ऑर्किड. आसामात हेच ‘कपौ फूल’, तिथलं राज्यफूल. बिहू नाचणाऱ्या मुली ते केसात माळतात. आपल्याकडे मात्र फांदीवर दिसलं की ‘बांडगूळ’ म्हणून मोकळे! बांडगूळ झाडाचा रस शोषतं. हे बिचारं फक्त बसायला जागा घेतं. पाणी पितं ते पावसाचं आणि हवेतलं.

याचं जुनं चित्र सापडतं ते थेट अॅमस्टरडॅममध्ये छापलेल्या पुस्तकात. कोचीचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा १२ खंडांचा ग्रंथ केला, १६७८ ते १६९३. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युदन हे मल्याळी वैद्य होते, आणि रंगा भट, विनायक पंडित, अपू भट हे तीन कोकणी वैद्यही. त्या तिघांचं १६७५ चं प्रमाणपत्र पहिल्या खंडात आहे, कोकणी भाषेत आणि चक्क नागरी लिपीत. सतराव्या शतकात, हॉलंडमध्ये! मला तर स्क्रीनवर ते पान पाहून भारी वाटलं होतं. बाराव्या खंडात आपलं ऑर्किड ‘अन्सजेली मारावारा’ या नावाने येतं. अंजिली म्हणजे रानफणसाच्या जातीचं झाड, आणि मरवाळ म्हणजे झाडावरची केळ. याच चित्राचा दाखला देऊन १७५३ मध्ये लिनियसने त्याला शास्त्रीय नाव दिलं.

पुढचा भाग मात्र वाईट आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंतांना ऑर्किडचं वेड लागलं. जहाजं भरभरून झाडं गेली, आणि बरीचशी मेली. कारण काय, तर ‘उष्ण देशातलं आहे’ म्हणून कोंदट, भट्टीसारख्या काचघरात ठेवायचे. मुळांना हवा लागते, हे कळायला काही दशकं गेली. १८५० मध्ये जोसेफ हूकरने खासी टेकड्यांतून निळ्या वांडाचे सात माणसांचे बोजे क्यूच्या बागेसाठी गोळा केले. जिवंत पोचली थोडीच. दुसऱ्या एका गृहस्थाने पाठवलेला एकच बोजा वाईट अवस्थेत पोचूनही ३०० पौंडांना विकला गेला. असा भाव मिळाल्यावर जंगल कोण सोडणार?

मग बियांपासून रोपं का नाही केली? तर ऑर्किडचं बी धुळीच्या कणाएवढं. त्यात अंकुरासाठी शिदोरीच नसते. जंगलात एक बुरशी त्याला अन्न पुरवते. हे १८९९ मध्ये फ्रान्सच्या नोएल बर्नारने शोधलं. आणि १९२२ मध्ये अमेरिकेत कॉर्नेलच्या लुईस नडसनने बुरशीला बायपासच केलं! निर्जंतुक बाटलीत अगर, क्षार आणि साखर. बी रुजलं. इंजिनीअर म्हणून मला या गोष्टीतला हा सगळ्यात आवडता भाग: अट काढून टाकली नाही, फक्त ती दुसऱ्या मार्गाने पुरी केली. आता एका बोंडातून हजारो रोपं होऊ शकतात, झाडाला ओरबाडायची गरजच नाही.

माझ्या बाल्कनीतलं रोप असंच बाटलीतून आलेलं. लाकडी पट्ट्यांची टोपली, आत कोळशाचे मोठे तुकडे, माती अजिबात नाही. सकाळचं कोवळं ऊन. मुळं चंदेरी दिसली की पाणी द्यायचं, भिजली की ती हिरवी होतात. थंडीत पाणी कमी. पनवेलच्या पावसाळ्यात तर मी काही करतच नाही, फक्त वारा खेळता राहील एवढं बघतो. फूल अजून नाही. बियांपासूनच्या रोपाला काही वर्षं लागतातच.

तुम्ही आणणार असाल तर आधी मुळं बघा. तुटलेली मुळं, त्यांना चिकटलेली साल आणि शेवाळ, पानांवर दगडफुलाचे डाग असं दिसलं, तर ते बहुतेक जंगलातून उपटलेलं आहे. अभयारण्यातून, म्हणजे आपल्या कर्नाळ्यातूनही, झाड उपटून नेणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. विक्रेत्याला सरळ विचारा, ‘दादा, हे लॅबमधलं रोप आहे का?’ आणि उत्तर देताना तो गडबडला तर पुढच्या नर्सरीत जा.